कोण रडून राह्यलं

अल्लीपूरच्या पोस्टात मी १९७१ साली रुजू झालो आणि नोकरी संपेपर्यंत तिथंच राहिलो. या सतरा वर्षांत ताराचंद वाडीवाल्याच्या बोलण्याच्या अकरा वह्या मी लिहून काढल्या. त्यातल्या एकाही वहीत त्याच्या बायकोचं एक वाक्य नाही. ती रोज तिथंच होती. चहाचे कप उचलत होती आणि मला स्पष्ट ऐकू येईल इतक्या जवळून बोलतही होती. तरी मी तिचं काही लिहिलं नाही. आता घरी बसल्यावर लिहितो आहे. तिला विचारलं तेव्हा ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "तुमाले लिहाची सवयच हाये."

तिचं नाव धुरपताबाई. माहेर तळेगावचं, श्यामजी पंताच्या तळेगावचं. बाप भाजीवाला, नवराही भाजीवाला. सोळाव्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हापासून तिचे हात मातीतून निघाले नाहीत. ताराचंदची दोन एकराची वाडी नाल्याच्या काठी होती. चांगली विहीर, काळी जमीन. वांगे, मिरची, मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर. घर वाडीतच, पुढं ओसरी, मागं बैलांचा गोठा. पहिलं मूल पोटातच गेलं. दुसरी कोकिळा. मी आलो तेव्हा ती दोन वर्षांची होती आणि वांग्याच्या सऱ्यांतून आईच्या मागं मागं चालायची.

ताराचंद साधा माणूस होता. थोडा तापट. पाण्याच्या पाळीवरून शेजाऱ्याशी भांडायचा, बैलांना मारायचा. १९७२ च्या जानेवारीत तो हिंगणघाटच्या बाजारात वांग्याची गाडी घेऊन गेला. परतताना वेणा नदीच्या काठी त्यानं बैल सोडले. तिथं एक म्हातारा कपडे धूत होता. त्यानं नाव विचारलं. यानं सांगितलं. म्हाताऱ्यानं विचारलं, हे नाव ठेवायच्या आधी तू होता का नव्हता? ताराचंद म्हणाला, होतो. मग तो कोण, असं विचारून म्हाताऱ्यानं धोतर पिळलं, खांद्यावर टाकलं आणि तो निघून गेला. तो कोण, कुठला, हे नंतर कोणालाच सांगता आलं नाही. ताराचंदनं पुन्हा दोन-तीनदा शोधलं, सापडला नाही.

घरी आल्यावर ताराचंद चार दिवस विहिरीच्या काठावर बसून राहिला. धुरपताबाईनं भाकर नेऊन ठेवली तर खाल्ली, नाही ठेवली तर मागितली नाही. तिला वाटलं कोणी काही करणी केली. पाचव्या दिवशी तो उठला, तोंड धुतलं आणि वाडीत कामाला लागला. पण माणूस बदलला होता. बैलांवरचा हात थांबला. शेजारी पाणी आधी घेऊन गेला तर घेऊ द्यायचा. धुरपताबाईला हिवताप आला तेव्हा त्यानं वाडीही भिजवली आणि चूलही पेटवली, पोरीला न्हाऊ घातलं. बोलणं फार कमी. पुढं कधीतरी तिनं मला सांगितलं की लग्नानंतर तेवढेच सहा-सात महिने तिला घरात माणूस आहे असं वाटलं.

त्यानंतर मी त्या घरात गेलो.

मला तरुणपणापासून वेदान्ताचा नाद. पोस्टानं लहानसहान पुस्तकं मागवायचो, वाचायचो, बोलायला कोणी नसायचं. वाडीवाल्याला काहीतरी झालं असं बाजारात ऐकलं आणि एका रविवारी मी त्याच्या ओसरीवर जाऊन बसलो. तो मिरच्या निवडत होता. मी विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं की आत पाहिलं तर कोणी दिसत नाही, सगळं होत राहते, करणारा सापडत नाही. हे तो भीतभीत सांगत होता, एखादी वस्तू हरवल्यासारखं. मी आनंदानं उडालोच. याला साक्षीभाव म्हणतात, मी त्याला म्हणालो, तुमचा देहभाव गळाला, अहंकार गेला. त्यानं ते शब्द पुन्हा म्हणून पाहिले. मी ते नीट फोड करून सांगितले. त्याच्याजवळ काहीतरी होतं आणि त्याला नाव नव्हतं. ती नावं मी पुरवली. आज वाटते, तोपर्यंत तो खरोखर पाहत होता. नावं मिळाल्यावर पाहायचं काम संपलं.

मीच मग लक्ष्मणरावांना घेऊन गेलो. लक्ष्मणराव म्हणजे गावातले मोठे कास्तकार, कापसाची जमीन, घरी जीप. त्यांना ताराचंदचं बोलणं आवडलं. त्यांच्यामुळं आणखी दहा-पंधरा माणसं येऊ लागली. १९७४ पर्यंत दर रविवारी दुपारी ओसरीवर सतरंजी पडू लागली. ताराचंद 'मी' म्हणायचा बंद झाला. 'हा देह' म्हणायचा. हा देह काल बाजारात गेला होता. या देहाला ऊन लागते. लोक त्याला महाराज म्हणू लागले आणि तो मान हलवू लागला.

वाडी मात्र दोन माणसांची होती. त्यातलं एक सतरंजीवर बसलं, म्हणून दुसऱ्यानं दुप्पट केलं. पाणी देणं, निंदण, खत, तोडणी, टोपल्या भरणं, पहाटेची बस धरून हिंगणघाटला जाणं, परत येऊन स्वयंपाक, आणि रविवारी बैठकीचा चहा. एकदा ताराचंदनं ओसरीवरून हाक दिली की या देहाले चहा पाहिजे. ती दारात आली. ओळीनं बसलेल्या आम्हा बारा जणांकडं तिनं पाहिलं आणि विचारलं, "कोनत्या देहाले?" सगळे हसले. ताराचंद म्हणाला, देह एकच आहे, रूपं बारा. ते मी वहीत टिपून घेतलं. ती आत गेली आणि तिनं बारा कप चहा केला.

१९७८ च्या ऑगस्टमध्ये गावात हगवण-ओकारीची साथ होती. नाल्याचं पाणी विहिरींत उतरलं होतं. त्या रविवारी बैठकीला वर्ध्याहून दोन मोठी माणसं आली होती. एक निवृत्त प्राध्यापक, दुसरे वकील. लक्ष्मणरावांनी त्यांना जीप पाठवून आणलं होतं. जीप वाडीच्या फाटकाशी, निंबाखाली उभी होती. ओसरीवरून ती समोरच दिसायची.

बैठक बाराला सुरू झाली. थोड्या वेळानं धुरपताबाई दारात आली. कोकिळेला सकाळपासून ओकाऱ्या होत आहेत, आता जुलाबही लागले, असं तिनं सांगितलं. ताराचंदनं सुंठ-गूळ द्यायला सांगितलं. प्राध्यापकांनी नुकताच प्रश्न विचारला होता की स्वप्नातलं दुःख आणि जागेपणातलं दुःख यांत फरक काय. ताराचंद त्याचं उत्तर देत होता. फार छान देत होता.

पाऊण तासानं ती पुन्हा आली. पोरीचे डोळे आत गेले, म्हणाली, हात थंड पडले, हिंगणघाटच्या दवाखान्यात न्यावं लागेल, गाडीला बैल जुंपून द्या. ताराचंद म्हणाला, "थांब. हे होऊ दे." मग आमच्याकडं वळून म्हणाला की देहाचं देह पाहून घेतो, पाहणाऱ्याला काही होत नाही. वकिलांनी डोळे मिटले. मी तेव्हा फाटकाकडं पाहिलं. जीपचा ड्रायव्हर सावलीत विडी ओढत होता. माझ्या मनात आलं की लक्ष्मणरावांना विचारावं. तासाभराचा तर रस्ता. विचारण्यासाठी बोलणं मध्ये तोडावं लागलं असतं. पाहुण्यांसमोर बरं दिसणार नाही असं वाटलं. मी पुन्हा वहीत पाहिलं.

तिसऱ्यांदा ती आली तेव्हा काही बोललीच नाही. चौकटीला धरून उभी राहिली. कोणी वर पाहिलं नाही म्हणून आत गेली. मग मागच्या दारानं तिला जाताना मी पाहिलं. नऊ वर्षांची पोर लुगड्यात गुंडाळून खांद्यावर घेतली होती आणि पोरीचे पाय तिच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते. ती चिखलातून बसस्टँडकडं गेली.

बस उशिरा आली. कोकिळा बसमध्येच, हिंगणघाटच्या अलीकडं गेली. धुरपताबाईला ते कळलं नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितल्यावर कळलं. ती परत आली भाजीच्या एका ट्रकमधून. ड्रायव्हर ओळखीचा होता, त्यानं वाडीच्या फाटकापर्यंत सोडलं. संध्याकाळ व्हायची होती. पाहुणे गेले होते, आम्ही चार-पाच जण अजून ओसरीवर होतो. तिनं पोरीला सतरंजीवर ठेवलं. आणि मग रडली. तसं रडणं मी पुन्हा ऐकलं नाही.

ताराचंदचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं हा आता रडेल. त्यानं एकदा आमच्याकडं पाहिलं. आम्ही सगळे त्याच्याचकडं पाहत होतो, महाराज आता काय म्हणतात याची वाट पाहत. मग तो तिला म्हणाला, "धुरपते, रडून कोण राह्यलं ते पाह्य."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्ट उघडायच्या आधी मी ते वाक्य वहीत उतरवलं. खाली तारीख घातली.

पुढच्या रविवारी बैठक झाली. नेहमीपेक्षा जास्त माणसं आली. पोटची पोर गेली तरी महाराज ढळले नाहीत, ही गोष्ट वर्ध्यापर्यंत पोचली होती. धुरपताबाई वाडीत होती. चहा झाला नाही. त्यानंतर त्या घरात बैठकीचा चहा कधीच झाला नाही, लक्ष्मणरावांच्या घरून किटलीत यायला लागला. ती नवऱ्याला जेवायला वाढायची, पण बोलणं कामापुरतं. मला ती आधी भाऊजी म्हणायची. त्यानंतर पोस्टमास्तर म्हणू लागली.

असं सहा वर्षं चाललं. तिच्यात काय चाललं आहे हे कोणी विचारलं नाही. वाडी पहिल्यापेक्षा चांगली दिसायची, निंदण कुठं राहायचं नाही. बाया म्हणायच्या, धुरपताबाईचं मन दगड झालं.

१९८४ च्या मार्चमध्ये ती एका दुपारी पोस्टात आली. तळेगावला तिचा भाऊ बंडूजी होता, त्याला पत्र लिहून हवं होतं. आई आजारी होती, पण वाडी सोडून येता येत नाही, एवढाच मजकूर. पोस्टात दुसरं कोणी नव्हतं. पत्र झालं तरी ती उठली नाही. बाकावर बसून राहिली. मग म्हणाली, "त्यायनं सांगतलं होतं न, कोण रडून राह्यलं ते पाह्य. मी पाह्यलं."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणते ते.

ती सांगू लागली. पोरगी गेली त्याच्या तेराव्याला ती वाडीत बसली होती आणि तिला नवऱ्याचा असा राग आला की वाटलं विळा घेऊन जावं. मग तिनं ठरवलं की आपण पाहायचं. खरंच पाहायचं. रडणारी आहे, ही बसली आहे, कोकिळेची माय आहे, हे धरून आणायचं आणि त्याच्यासमोर उभं करायचं. पाहा म्हणावं, ही आहे. तेवढ्यासाठी तिनं सुरुवात केली. निंदताना पाहायची, बसमध्ये पाहायची. आता हे दुखून राह्यलं, कोणाला दुखून राह्यलं? छातीत दाटून येते. छाती तर मी नाही, ती तर मला कळते. पोरीची आठवण येते. आठवणही येते-जाते. मग ज्याला आठवण येते ते कुठं आहे? असं एकेक बाजूला सारत ती जायची, जसं पाला बाजूला करून वांगं पाहावं. मला तिनं हे अगदी साधेपणानं सांगितलं. माझ्या पुस्तकांतला एक शब्द तिच्या बोलण्यात नव्हता.

"मंग?" मी विचारलं. इतकी वर्षं मी ज्या गोष्टीच्या मागं होतो ती गोष्ट या बाईच्या हातात असावी असं मला वाटू लागलं होतं.

"नाई सापडलं," ती म्हणाली. "लई पाह्यलं. रडनं हाये. रडनारं कोनी नाई."

मी म्हणालो, वयनी, हेच तर. याच्यासाठी लोक जन्म घालवतात. तुम्हाला शांती मिळाली असेल.

ती माझ्याकडं पाहत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता. किळस असावी.

"कशाची शांती, पोस्टमास्तर? दुःख तं तितकंच हाये. त्याचा मालक असता तं त्याले समजावलं असतं. दोन घास चारले असते, म्हनलं असतं, झोप बाप्पा आता. मालकच नाई. कोनाले समजावू?"

ती पुढं म्हणाली की एक गोष्ट मात्र तिला नीट दिसली. आपल्यात कोणी सापडत नाही हे दिसल्यावर तिनं त्या दिवसाची ओसरी पुन्हा पाहिली. तिथं बसलेल्यांत 'कोणी नाही' असा एकही नव्हता. सगळे होते. महाराज होते, वकील होते, प्राध्यापक होते, पोस्टमास्तर होते. पाहुण्यांसमोर कसं दिसेल याची सगळ्यांना काळजी होती. तिच्या नवऱ्याला उठायचं होतं, असंही ती म्हणाली. दुसऱ्यांदा ती आली तेव्हा त्याचा उजवा पाय सतरंजीवरून खाली आला होता. चप्पल शोधत होता. मग त्यानं लोकांकडं पाहिलं आणि पाय वर घेतला.

"अन् तुमी गाडीकडे पाह्यलं होतं," ती म्हणाली. "मी दारातून पाह्यलं. मले वाटलं आता हे उठतीन. म्हनून तं मी तिसऱ्यांदा आली."

ती पत्र घेऊन, पेटीत टाकून निघून गेली. त्या दिवशी मी पोस्ट लवकर बंद केलं. वही उघडून बसलो आणि तिचं बोलणं लिहायला घेतलं. दोन ओळी लिहून फाडून टाकल्या. लिहिलं असतं तर त्याचा पाय आणि माझी नजर, दोन्ही लिहावं लागलं असतं.

बैठकीला मी जात राहिलो. हे खोटं वाटेल, पण जात राहिलो. न जाण्याचं कारण सांगावं लागलं असतं. ताराचंदचं बोलणं आता ऐकून ऐकून पाठ झालं होतं, त्याचं त्यालाही. तो लठ्ठ झाला होता. वाडीतल्या विहिरीकडं तो वर्षानुवर्षं फिरकला नव्हता.

१९८६ च्या पावसाळ्यानंतर त्याचं पोट दुखायला लागलं आणि फुगू लागलं. लक्ष्मणरावांची जीप त्याच तासाला आली. नागपूरला नेलं, दोन आठवडे ठेवलं, आणि घरी न्या म्हणून सांगितलं. परत आणल्यावर भक्त पाळीपाळीनं बसायचे. वास येऊ लागला तशा पाळ्या कमी झाल्या. धुरपताबाई त्याचं सगळं करायची. अंग पुसणं, कपडे बदलणं, भांडं देणं. वाडीतलं काम सकाळी उरकून ती त्याच्याजवळ बसायची. बोलायची नाही.

एका दुपारी मी गेलो तेव्हा खोलीत ती दोघंच होती. मी दाराशी स्टुलावर बसलो. ताराचंद डोळे उघडे ठेवून छताकडं पाहत होता. मग त्यानं तिचा हात चाचपला आणि म्हणाला, "धुरपते, मी मरून राह्यलो काय?"

बारा वर्षांत त्याच्या तोंडून 'मी' ऐकलं नव्हतं. तो बारीक आवाजात बोलला, एखादं पोर अंधारात विचारते तसा. आता ती काय म्हणणार हे मला माहीत होतं. मरणारं कोण आहे ते पाहा. आठ वर्षं ते वाक्य तिच्याजवळ होतं आणि हीच त्याची वेळ होती. मला, खोटं कशाला बोलू, ते ऐकायचंही होतं.

ती म्हणाली, "हो. तुमीच मरून राह्यले. दुसरं कोनी नाई."

तो रडायला लागला. कोकिळेचं नाव घेऊन रडला. पोरगी थंडी पडली होती न, बैल गोठ्यातच होते न, असं तुटक काही म्हणत होता. धुरपताबाईनं कापसाचा बोळा पाण्यात भिजवला आणि त्याच्या ओठांना लावला. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्याच्या केसांवरून हातही तिनं फिरवला नाही. पण हात त्याच्या हातातून काढून घेतला नाही. तो झोपेपर्यंत तशीच बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

पुढं एकदा मी तिला विचारलं की त्या वेळी तुम्ही त्याचं वाक्य त्याला परत का केलं नाही. ती टोपलीत पालक लावत होती. "त्यायले भेव लागून राह्यलं होतं," ती म्हणाली. "भेव लागलेल्या मानसाले प्रश्न इचारत नसतात."

आता जे झालं ते सांगून संपवतो. महाराजांनी अखेरच्या क्षणी हसत देह ठेवला, अशी गोष्ट गावात पसरली. ती मी पसरवली नाही, पण खोडलीही नाही. लक्ष्मणरावांनी समाधीची समिती तो असतानाच केली होती. जागा विहिरीजवळची ठरली, जिथं तो चार दिवस बसला होता. वाडी ताराचंदच्या नावावर होती. आजारपणात, शुद्ध होती तेव्हा, त्यानं समितीच्या कागदावर सही करून दिली होती. साक्षीदार म्हणून खाली माझी सही आहे. तेव्हा मला सांगण्यात आलं होतं की फक्त चौथऱ्यापुरती जागा आहे. मी कागद वाचला नव्हता. तो अख्ख्या वाडीचा होता. हातभर अंतरावरचा कागद मी वाचला नाही, आणि अकरा वह्या लिहिल्या.

बंडूजी तळेगावहून आला, कोर्टात जाऊ म्हणाला. धुरपताबाई नको म्हणाली. तिनं राहती खोली आणि गोठा मागून घेतला, आणि नाल्यापलीकडं एकाची अर्धा एकर जमीन बटाईनं केली. तिथं विहीर नाही. नाल्यातून घागरीनं पाणी आणून तिनं मेथी-पालक लावला. जुन्या वाडीतली वांग्याची झाडं समितीच्या लोकांनी उपटली आणि तिथं फरशी घातली. विहिरीला जाळी बसवून कुलूप लावलं, पाणी तीर्थ म्हणून बाटलीत देतात. समाधीच्या पांढऱ्या भिंतीवर निळ्या रंगात महाराजांची वचनं लिहिली आहेत. पहिलं वचन 'रडणारा कोण, हे पाहा' असं आहे. ते माझ्या वहीतून घेतलं. नागपूरहून माणसं येतात, त्या वाक्यापुढं डोळे मिटून बसतात आणि फार बरं वाटलं असं सांगून जातात.

समितीनं धुरपताबाईला समाधीशेजारी बसायला सांगितलं होतं. लोकांना महाराजांच्या धर्मपत्नीचं दर्शन हवं असते. पांढरं पातळ देऊ, दोन वेळचं जेवण देऊ, काही बोलायची गरज नाही. ती गेली नाही. लक्ष्मणराव स्वतः समजवायला गेले तेव्हा ती पाणी आणत होती. तिनं घागर खाली ठेवली नाही, म्हणून लक्ष्मणरावांना तिच्यासोबत नाल्यापासून वाफ्यापर्यंत चालत बोलावं लागलं. त्यांच्या चपला चिखलात गेल्या. पुन्हा ते गेले नाहीत.

मी गेल्या वर्षी निवृत्त झालो. वह्या समितीकडं आहेत, छापायच्या आहेत म्हणतात. हिंगणघाटला माझ्या मुलाकडं राहतो. बाजाराच्या दिवशी बसस्टँडच्या बाजूनं गेलो की धुरपताबाई दिसते. दोन टोपल्या घेऊन पहाटेच्या बसनं येते, पोत्यावर भाजी मांडते. उजवा हात खांद्यापासून वर जात नाही, म्हणून तराजू डाव्या हातानं धरते. समाधीला येणारी माणसं कधी तिला ओळखतात आणि माताजी, माताजी म्हणून वाकतात. ती मान वर करत नाही. मागून कोणी ओ भाजीवाली म्हटलं की लगेच पाहते आणि काय पाहिजे ते विचारते.